छप्पन्न फुटी खुर्चीच्या गावी

बाबांची कोल्हापूरजवळची फॅब्रिकेशनची शेड बंद होऊन तीन वर्षे झाली. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, पाण्याच्या टाक्या, शाळांची फाटके आणि मंडपांचे सांगाडे असा माल त्यांनी त्या शेडमध्ये पस्तीस वर्षे बनवला. आई आणि ते सहा महिन्यांसाठी माझ्याकडे शिकागोच्या उपनगरात राहायला आले, तेव्हा मी त्यांना शहरातल्या उंच इमारती दाखवल्या. त्यांनी मान वर करून त्या पाहिल्या आणि कौतुकही केले, पण त्या कशा उभ्या केल्या याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. बाबा प्रश्न विचारत नाहीत, ही माझ्यासाठी काळजीची गोष्ट होती. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवार-रविवारला शुक्रवार जोडून मी त्यांना इलिनॉय राज्याच्या दक्षिण भागातल्या केसी या गावी न्यायचे ठरवले. जेमतेम २४०० वस्तीच्या या गावात जगातली सर्वांत मोठी विंड चाइम (म्हणजे वाऱ्याने वाजणाऱ्या, टांगलेल्या नळ्या), सर्वांत मोठी डोलणारी खुर्ची आणि सर्वांत मोठी टपालपेटी आहे. या वस्तू एखाद्या मोठ्या कंपनीने बाहेरून आणून ठेवलेल्या नाहीत. त्या गावातल्याच वर्कशॉपमध्ये, गावातल्याच कामगारांनी केलेल्या आहेत, आणि बाबांना न्यायचे कारण तेच होते.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी आठला निघालो आणि आंतरराज्य महामार्ग क्रमांक ५७ धरून सरळ दक्षिणेकडे गेलो. शिकागोची उपनगरे मागे पडली की इलिनॉय एकदम सपाट होते. ज्यांनी सह्याद्रीचा घाट उतरून कोकण आणि चढून देश पाहिला आहे, त्यांना हे सपाटपण सुरुवातीला रिकामे वाटते. मात्र जमीन काळी आणि कसदार आहे, आणि मका व सोयाबीन यांची काढणी तेव्हा ऐन भरात होती. वाळून बदामी झालेल्या मक्याच्या रांगांमधून कंबाइन हार्वेस्टर फिरत होते, त्यांच्यामागे धूळ उठत होती, आणि दर पाच-दहा मैलांवर धान्य साठवण्याचे उंच, गोल पत्र्याचे कोठार दिसत होते. आई शेतकऱ्याच्या मुलीच्या नजरेने पीक पाहत होती. शंभर एकरांच्या तुकड्यात एकही माणूस पायी चालताना दिसत नाही, याचे तिला फार आश्चर्य वाटले.

दुपारी एफिंगहॅम या गावी पोहोचलो. तिथे ५७ आणि ७० क्रमांकाचे महामार्ग एकमेकांना मिळतात, आणि त्या संगमाजवळ २००१ साली उभारलेला पांढरा, पोलादी क्रूस कित्येक मैलांवरून दिसू लागतो. त्याची उंची १९८ फूट आहे. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण २०० फुटांच्या वर गेले की विमानांच्या सुरक्षेसाठी माथ्यावर दिवे लावण्याचा नियम लागू होतो. आईने पायथ्याशी उभे राहून हात जोडले. बाबा मात्र पाठीमागच्या बाजूला गेले आणि पत्र्याच्या जोडांकडे बराच वेळ बघत राहिले. काही बोलले नाहीत, पण त्यांनी हाताने पत्र्यावर दोनदा टिचकी मारली. ती मी लक्षात ठेवली.

एफिंगहॅमहून केसी पूर्वेला तीसेक मैलांवर आहे. आम्ही महामार्ग सोडून त्याच्या शेजारून जाणारा जुना रस्ता धरला. हा रस्ता, म्हणजे आजचा अमेरिकी मार्ग क्रमांक ४०, येथे जुन्या ‘नॅशनल रोड’च्या मार्गाने जातो. संघराज्याच्या सरकारने स्वतःच्या पैशाने बांधायला घेतलेला तो पहिला मोठा रस्ता. त्याचे काम १८११ साली मेरिलँड राज्यातल्या कंबरलँडहून सुरू झाले आणि पश्चिमेला सरकत सरकत ते इलिनॉयमधल्या व्हँडेलियापर्यंत आले. केसीसारखी गावे अशा रस्त्याच्या कडेने वाढली. घोडागाडीच्या काळात तिथे मुक्काम होत असे, मोटारींच्या काळात पेट्रोल आणि जेवण मिळत असे. पुढे १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले, गाड्या गावाला वळसा घालून ताशी सत्तर मैलांच्या वेगाने निघून जाऊ लागल्या, आणि गावच्या मुख्य रस्त्यावरची दुकाने एकेक करून बंद पडू लागली. आपल्याकडेही बाह्यवळण झाल्यावर जुन्या नाक्यावरच्या चहावाल्याचे काय होते ते आपण पाहतो. अमेरिकेतल्या रस्त्यांच्या कडेला राक्षसी आकाराच्या वस्तू उभ्या करण्याची जुनी चाल आहे ती याच गरजेतून आलेली. धावत्या गाडीतल्या माणसाला क्षणभरात काहीतरी दिसले पाहिजे आणि त्याने ब्रेकवर पाय ठेवला पाहिजे.

संध्याकाळ होता होता गावात शिरलो. मुक्कामाच्या खोलीत सामान टाकले आणि उजेड मावळायच्या आत एकदा चक्कर मारून येऊ म्हणून बाहेर पडलो. मुख्य रस्त्यावर आलो, वळलो, आणि दोन साध्या, बैठ्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत ती खुर्ची उभी होती. तिच्या पाठीमागे सूर्य मावळत होता आणि तिची सावली अख्खा रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढली होती. आम्ही तिघेही बोलायचे थांबलो. मग बाबांनी विचारले, “हिचा पाया किती खोल घेतला असेल गं?”

या सहलीसाठी मी केलेल्या सगळ्या खटपटीचे मोल मला त्या एका प्रश्नात मिळाले.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी पुन्हा खुर्चीपासूनच सुरुवात केली. तिची उंची ५६ फूट १ इंच, रुंदी ३२ फूट १० इंच आणि वजन ४६,२०० पौंड, म्हणजे जवळजवळ २१ टन आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिची गिनीज विक्रमांत नोंद झाली. त्याआधी हा मान मिसुरी राज्यात मार्ग क्रमांक ६६ वर फॅनिंग येथे असलेल्या ४२ फुटी खुर्चीकडे होता. बाबांना आकड्यांपेक्षा नियमात अधिक रस वाटला. विक्रम मिळवायचा तर वस्तू नुसती मोठी असून चालत नाही. ती मूळ वस्तूच्या प्रमाणात असली पाहिजे आणि मूळ वस्तूचे काम तिला करता आले पाहिजे. त्यामुळे ही खुर्ची विक्रमाच्या वेळी माणसांच्या जोरावर खरोखर डोलवून दाखवावी लागली होती. बाबा हे ऐकून खुर्चीच्या खालच्या वक्र पायांपाशी उकिडवे बसले. “डोलवायची म्हणजे सगळा भार या वळणावर एका रेघेत येतो,” ते म्हणाले, “आणि ती रेघ सरकत राहते. उभी खुर्ची करणे सोपे, डोलणारी करणे अवघड.” आम्ही गेलो तेव्हा खुर्ची निश्चल होती, तरी ती डोलेल कशी हे त्यांनी मला तळहात पुढे-मागे झुकवून दाखवले. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे. गुरुत्वमध्याचे गणित मी कॉलेजात शिकले, पण त्याची पहिली ओळख मला त्यांच्या शेडमध्ये, अर्धवट भरलेली ट्रॉली कलताना पाहून झाली होती, हे त्या हाताच्या हालचालीने आठवले.

या सगळ्या वस्तूंमागे जिम बोलिन हे गावातले एक उद्योजक आहेत. तेलवाहिन्या आणि टाक्या यांच्या देखभालीचा त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय आहे. हा व्यवसाय केसीत असणे साहजिक होते, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात खनिज तेल सापडले आणि पाइप, टाक्या व वेल्डिंग यांचे ज्ञान गावाच्या हाडीमाशी मुरले. गाव ओसरत चालले आहे हे दिसत असताना, महामार्गावरून जाणाऱ्या लोकांना आत वळवण्यासाठी काहीतरी करावे, असे बोलिन यांच्या मनात आले. त्यांनी आपल्याच आवारातले जुने पाइप, पोलाद आणि काढून टाकलेले टेलिफोनचे लाकडी खांब यांच्यातून या वस्तू घडवायला सुरुवात केली. कंपनीच्या कामातून मोकळा वेळ मिळेल तसे कामगार हे काम करत. हे ऐकताच बाबा आईकडे वळून म्हणाले, “बघ की, भंगारातून.” आमच्या शेडच्या मागे भंगाराचा असाच ढीग असे, आणि आईचा त्यावरून बाबांशी कायमचा वाद असे. या वेळी ती काही बोलली नाही.

खुर्चीपासून थोडे चालत गेले की विंड चाइम लागते. ही गावातली पहिली मोठी वस्तू, २०११ सालची. तिचा सांगाडा ५५ फूट उंच आहे आणि सर्वांत लांब पाइप ४२ फुटांचा. वारा पडला असेल तर पाहुण्याला एक दोर ओढून ती वाजवता येते. मी दोर बाबांच्या हातात दिला. त्यांनी आधी मान वर करून पाइप कुठे टांगले आहेत ते पाहून घेतले आणि मगच दोर ओढला. आवाज देवळातल्या घंटेसारखा टणत्कारी नव्हता. तो खालून, जमिनीतून आल्यासारखा आला, छातीत भरला आणि मग बराच वेळ हवेत रेंगाळत राहिला. याचे कारण पाइपच्या लांबीत आहे. एकाच जाडीचा आणि व्यासाचा पाइप दुप्पट लांब केला, तर त्याच्या मूळ स्वराची कंपनसंख्या निम्मी होत नाही, एक-चतुर्थांश होते. म्हणून लांबी वाढत गेली की स्वर झपाट्याने खाली उतरत जातो आणि शेवटी तो कानापेक्षा अंगालाच जास्त कळतो. टांगण्यातही एक युक्ती असते. पाइपच्या टोकापासून त्याच्या लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावरचा बिंदू मूळ कंपनात स्थिर राहतो. तिथे टांगले तर पाइप मोकळेपणाने वाजतो, भलतीकडे टांगले तर आवाज दबतो. मी हे समजावून सांगितले तेव्हा बाबा म्हणाले की त्यांना टक्का माहीत नव्हता, पण पाइप धरून त्यावर हातोडी मारताना कुठे धरला की तो ‘बोलतो’ आणि कुठे धरला की मुका होतो, हे हाताला ठाऊक होते.

त्यानंतर आई आम्हाला घेऊन लोकरीच्या दुकानात गेली. हे म्हणणे योग्य आहे, कारण इथून पुढचा तासभर तीच वाटाड्या होती. तिथल्या विणकामाच्या सुया १३ फुटांहून किंचित लांब आणि सव्वातीन इंच जाड आहेत. क्रोशाची सुई सहा फुटांहून थोडी मोठी आहे. दोन्हींची नोंद २०१३ ची. सुयांच्या विक्रमाला असलेली अट आईला फार पटली: त्यांच्यावर दहा टाके घालून दहा ओळींचे खरे विणकाम करून दाखवावे लागते. आईने चाळीस वर्षे गल्लीतल्या प्रत्येक बाळासाठी टोपडी आणि मोजे विणले आहेत. ती सुईच्या टोकाजवळ उभी राहिली, टोकाचा निमुळतेपणा बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “टाका उचलायला टोक असंच लागतं. यांनी नुसता खांब केलेला नाही.” तेरा फुटांच्या सुईवरून टाका सरकवायचा तर एका माणसाने सुई पेलायची आणि दुसऱ्याने लोकर फिरवायची, असे तिने लगेच कामाचे वाटपही करून टाकले. दुकानातल्या बाईंशी तिचे संभाषण हातवाऱ्यांवर आणि ‘सुलट’, ‘उलट’ या शब्दांवर चालले होते. मी दुभाषा म्हणून पुढे झाले, पण माझी गरज पडली नाही. विणकामाच्या खुणा दोघींना सारख्याच कळत होत्या.

दुपारच्या जेवणाआधी टपालपेटी पाहिली. अमेरिकेत घराच्या दारात रस्त्याकडेला असते तशी, वर अर्धगोल छप्पर आणि बाजूला लाल निशाण असलेली ही पेटी आहे. तिचे आतले आकारमान ५,७४३ घनफूट आहे. आत जिना आहे, वर चढून गेले की पेटीच्या तोंडातून गावचा रस्ता दिसतो. तिथे पत्रे टाकण्याची खरी सोय आहे. आईने शिकागोहून निघतानाच मावशीसाठी एक पोस्टकार्ड आणि परदेशी टपालाचे तिकीट बरोबर घेतले होते. आत उभे राहूनच तिने त्यावर चार ओळी लिहिल्या: “प्रिय शालू, मी आत्ता एका टपालपेटीच्या पोटात उभी राहून हे लिहीत आहे. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून फोटोही काढला आहे.” मावशी सांगली जिल्ह्यात आटपाडीला असते. पत्राला पोहोचायला सोळा दिवस लागले, हे नंतर कळले.

जेवणानंतर उरलेल्या वस्तू एकामागून एक पाहिल्या. लाकडी बुटांचा साडेअकरा फुटी जोड, आत बसून फोटो काढता येईल असा पक्ष्याचा पिंजरा, मक्याचे कणीस, उंदराचा सापळा, पेन्सिल, मोजपट्टी. गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर चेंडू ठेवण्याची ‘टी’ आहे, ती ३० फूट ९ इंच उंच आहे. एका फार्म रेस्टॉरंटच्या आवारात गवत उचलण्याचा साठ फुटी काटा आडवा ठेवलेला आहे. त्याच्या दात्यांचे वळण बाबांनी दोरी लावून मापले. या सगळ्यांसाठी कुठेही तिकीट नाही, दार नाही, रांग नाही. प्रत्येक वस्तूपाशी बायबलमधले एक वचन लावलेले आहे, कारण बोलिन हे काम श्रद्धेने करतात. विक्रम न मिळवलेल्या वस्तूही बऱ्याच आहेत, आणि मला वाटते की त्यांच्यामुळेच गावाला घरपण आले आहे. माणसे फिरत असतात, मुले कणसाला मिठी मारतात, आणि मग कुणीतरी आइस्क्रीम घ्यायला, कुणी लोकर घ्यायला, कुणी जेवायला दुकानात शिरते. पाहणे फुकट असले तरी गावाच्या पदरात काही पडते, ते असे.

एका गोष्टीविषयी मला इथे मन मोकळे करून लिहायचे आहे. अशा वस्तूंकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची सुशिक्षितांची सवय आहे आणि ती मला मान्य नाही. चमचा, सुई, खुर्ची, पेटी, काटा या वस्तू रोज हातात असतात, म्हणून त्यांच्या घडणीकडे आपले लक्ष जात नाही. त्या पन्नास फुटांच्या झाल्या की हाताला सवयीने कळणारी प्रत्येक गोष्ट डोळ्यांना नव्याने दिसते: खुर्चीच्या पायाला वळण का, सुईला निमुळते टोक का, काट्याचा दाता किती वाकलेला. लहान वस्तूत खपून जाणारी चूक मोठ्या वस्तूत खपत नाही, कारण लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते आणि ते पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्र फक्त चौपट होते. म्हणून या वस्तू मोठ्या करणाऱ्याला मूळ वस्तू मनापासून समजलेली असावी लागते. बाबांनी दिवसभर जे जोड पाहिले, तिथे ग्राइंडिंग करून वेल्डिंग लपवलेले असो वा उघडे असो, ते त्यांना प्रामाणिक वाटले. “पैशासाठी केलेल्या कामाचा जोड आणि आवडीने केलेल्या कामाचा जोड वेगळा दिसतो,” असे ते संध्याकाळी म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी शेडमधल्या शेवटच्या कामाबद्दल सांगितले. ते त्यांनी तीन वर्षांत कुणालाही सांगितले नव्हते. एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर चालायच्या दहा ट्रॉल्यांचे ते काम होते. ते अर्ध्यावर रद्द झाले आणि कापून ठेवलेले अँगल तसेच पडून राहिले. मी आणि आई मध्ये न बोलता ऐकत होतो.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी लवकर निघून पश्चिमेला वळलो. व्हँडेलिया हे गाव १८३९ पर्यंत इलिनॉयची राजधानी होते, आणि अब्राहम लिंकन यांनी आमदार म्हणून तिथे काम केले. आम्ही थांबलो ते मात्र त्याच्या वेशीवरच्या ‘कास्कास्किया ड्रॅगन’साठी. ३५ फूट लांबीचा हा धातूचा ड्रॅगन आहे. जवळच्या दुकानातून टोकन विकत घेऊन ते यंत्रात टाकले की तो तोंडातून खरी ज्वाळा सोडतो. थंडगार सकाळी ती ऊब आमच्या चेहऱ्यांपर्यंत आली. गॅसची वाहिनी मानेतून कशी नेली असेल, यावर पुढचे वीस मैल बाबांचे बोलणे चालू होते.

दुपारी कॉलिन्सविल येथे पोहोचलो. सेंट लुइस शहराच्या अलीकडे, मिसिसिपी नदीच्या इलिनॉयकडच्या बाजूला हे गाव आहे, आणि तिथे जगातली सर्वांत मोठी केचपची बाटली आहे. खरे तर ती पाण्याची टाकी आहे. जी. एस. सपिगर यांच्या केचप कारखान्यासाठी १९४९ साली ती बांधली गेली. शंभर फुटांच्या पोलादी पायांवर सत्तर फुटांची बाटली, अशी एकूण उंची १७० फूट, आणि आत एक लाख गॅलन पाणी मावते. पाण्याची टाकी बांधायचीच होती, मग तिला आपल्या मालाचा आकार का देऊ नये, एवढा साधा आणि नेटका विचार त्यामागे आहे. पुढे कारखान्याने केचप करणे थांबवले, मालकी बदलत गेली, आणि १९९० च्या दशकात बाटली पाडली जाण्याची वेळ आली. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, १९९५ साली तिची डागडुजी आणि रंगकाम पूर्ण केले, आणि २००२ मध्ये तिचा राष्ट्रीय वारसा स्थळांच्या यादीत समावेश झाला. बाबांनी आयुष्यात कितीतरी टाक्या बांधल्या, त्यामुळे बाटलीच्या निमुळत्या गळ्यासाठी पत्रा कसा कापला आणि वाकवला असेल याचे चित्र त्यांनी धुळीत काठीने काढून दाखवले. शंकूचा पत्रा सपाट उलगडला की तो पंख्यासारखा दिसतो, हे मी अकरा वर्षांची असताना त्यांनीच मला वर्तमानपत्राचा कागद कापून शिकवले होते.

बाटलीपासून काही मैलांवर कहोकिया आहे. मला तिथे थांबायचे होते, पण ते रस्त्याकडेचे आकर्षण म्हणून नव्हे. ते युनेस्कोचे १९८२ पासूनचे जागतिक वारसा स्थळ आहे. साधारण १०५० ते १२०० या काळात तिथे हजारो लोकांचे नगर भरभराटीला आले होते, आणि त्यांनी मातीचे मोठमोठे ढिगारे रचले. त्यांतला सर्वांत मोठा ‘मंक्स माउंड’. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास राहिलेल्या ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंवरून त्याला हे नाव पडले. तो सुमारे शंभर फूट उंच आहे, त्याच्या पायथ्याने चौदा एकर जागा व्यापली आहे, आणि त्यात दोन कोटी वीस लाख घनफूट माती आहे. त्या लोकांकडे ओझे वाहणारी जनावरे नव्हती आणि चाकाच्या गाड्याही नव्हत्या. सगळी माती टोपल्यांतून माणसांनी वाहून आणली.

आम्ही पायऱ्या चढून वर गेलो. माथा सपाट आहे, गवत वाऱ्याने वाकत होते आणि पश्चिमेला सेंट लुइसची ६३० फुटी पोलादी कमान उन्हात चकाकत होती. आई कमानीकडे न पाहता खाली, पायाखालच्या मातीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, “७२ च्या दुष्काळात आई तलावाच्या कामावर पाट्या वाहायची. मी आठ वर्षांची होते. संध्याकाळी तिच्या डोक्यावरची चुंबळ मी उचलून ठेवायची, आणि ती ओली असायची.” आजी आटपाडीकडच्या दुष्काळी कामावर होती हे मला माहीत होते, पण चुंबळीचे मी प्रथमच ऐकले. त्या वर्षांत महाराष्ट्रात किती पाझर तलाव आणि रस्ते अशा पाट्यांनी झाले, ते आपल्याकडच्या कित्येक घरांच्या आठवणीत आहे. एका पाटीत किती माती बसते, असे बाबांनी तिला विचारले. अर्धा घनफूट धरा, ती म्हणाली. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि चार कोटी चाळीस लाख पाट्या, असे सावकाश उच्चारले. त्यानंतर आम्ही वर बराच वेळ बसलो होतो.

परतीचा रस्ता लांबचा होता. अंधार पडल्यावर मागच्या सीटवरून कागदाचा आवाज येऊ लागला. बाबांनी माझ्या वहीतले एक पान फाडून घेतले होते आणि मोबाइलच्या उजेडात ते काहीतरी काढत होते. पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा त्यांनी मला ते दाखवले. तो ऊसतोडीचा कोयता होता, चाळीस फुटांचा. मुठीसाठी कोणता पाइप घ्यायचा, पात्याच्या पाठीला आतून कुठे कुठे अँगलचा आधार द्यायचा, पाया किती घ्यायचा, वाऱ्याचा दाब कुठल्या बाजूने येईल, हे सगळे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते. कोपऱ्यात ‘पडून असलेले अँगल, १० ट्रॉल्यांचे’ अशी नोंद होती.

आईने चष्मा लावून कागद नीट पाहिला. “अहो, पण याला धार लावावी लागेल,” ती म्हणाली. “ऊस तुटला पाहिजे. नाहीतर ते लोक धरणार नाहीत.”

“लावू की,” बाबा म्हणाले, आणि पेन्सिल मागून त्यांनी पात्याच्या कडेला एक ओळ वाढवली.